चारही दारं उजवी

माझ्या बायकोच्या मामांचा ज्याला कधी राग आला नाही, तो माणूस त्यांना भेटलेलाच नाही असं मी खुशाल समजतो. सुरतेच्या गोडादऱ्यात त्यांच्या गल्लीत शिरलं की आधी मामांचं ओरडणं ऐकू येतं आणि मग मामा दिसतात. तेही जुन्या अॅम्बॅसिडरच्या दारातून बाहेर आलेले दोन पाय, एवढेच. जन्मभर त्यांनी लूम दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर लोक देवाच्या नादी लागतात, हे गाडीच्या नादी लागले. भंगारात निघालेली गाडी घरी आणली आणि इंजिन चालूही केलं. आता थांबावं की नाही माणसाने? पण छताचं कापड, दारांच्या आतल्या रेक्झिनच्या फळ्या, खिडक्यांच्या चकचकीत पट्ट्या हे सगळं उचकटून नव्याने बसवल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढायची नाही, असा त्यांनी पण केला.

काढलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी मामींचा मिसळणाचा डबा पळवला. मामींनी तो घासूनपुसून परत घेतला, तरी एकदा वरणात वॉशर निघालाच. त्यावर ओरडले कोण? मामा! "मन्हा वॉशर शिजाडी टाका!" त्यांच्या अहिराणीत, माझा वॉशर शिजवून टाकला! एकदा पट्टीची क्लिप तुटली तर त्याबद्दल मला शिव्या बसल्या. मी तेव्हा भेस्तानला माझ्या घरी होतो, फक्त फोनवर होतो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मामींची आई दोंडाईच्याजवळच्या खेड्यात अंथरुणाला खिळली होती, आणि लेकीला एकदा बघायचंय म्हणून निरोपावर निरोप धाडत होती. सुरतेहून गाडीने अर्ध्या दिवसाची वाट. मामींचे गुडघे गेलेले, रेल्वेची चढउतार आणि बसचा धक्का त्यांना सोसत नाही. मामांचं मात्र एकच पालुपद: "दरवाजा व्हवू दे." लग्नानंतर मामींना त्यांनी टेंपोतून सुरतेला आणलं होतं आणि याच सासूने ते सगळ्या गावादेखत बोलून दाखवलं होतं. तो डाग आता रेक्झिन लावलेल्या दारांनी पुसायचा होता. म्हातारी तिकडे श्वास मोजतेय आणि हा गृहस्थ इकडे रेक्झिनचा रंग निवडतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी मामांनी दारांच्या मापाने पुठ्ठ्याच्या चार फळ्या कापल्या आणि आम्ही त्या उधन्याच्या गुजराती सीटकव्हरवाल्याकडे नेल्या. त्याने पहिली फळी हातात फिरवून विचारलं, "काका, आ जमणी?" मामा खूश होऊन म्हणाले, "जमनी!" त्याने फळीवर खडूने खूण केली. दुसरी उचलली, "जमणी?" "जमनी!" तिसऱ्या-चौथ्याला मामा खेकसलेच, "जमनी म्हनं ना! आख्ख्या जमन्यात!" मी बाहेर स्कूटर लावत होतो, मला हे फक्त ऐकू आलं आणि काहीच खटकलं नाही.

फळ्या घरी आल्या. उजव्या दोन झकास बसल्या. डाव्या लावल्या तर रेक्झिन दाराच्या पत्र्याकडे आणि कोरा पुठ्ठा आमच्या तोंडाकडे! गुजरातीत जमणी म्हणजे उजवी. तो बिचारा बाजू विचारत होता आणि मामा अहिराणीत 'बरोबर जमली' म्हणून सांगत होते. त्याने चारही फळ्यांना उजव्या दाराच्या हिशेबाने रेक्झिन चढवलं. चारही दारं उजवी झाली. मी ओरडलो, "मामा, चाळीस वर्षं सुरतेत काढली ना तुम्ही?" तर पडेल चेहऱ्याने म्हणतात, "माले वाटनं, तो मन्ही भाषा बोली ऱ्हायना."

पुन्हा उधन्याला जायला ते फळ्या उचलू लागले आणि तेवढ्यात मामी बाहेर आल्या. आयुष्यात ज्यांचा आवाज शेजारी गेला नव्हता, त्या मामी गरजल्या, "तुम्हना दरवाजा चुल्हामा घाला! मन्ही माय थांबाव नही!" आणि उघड्या पत्र्याच्या डाव्या दारातून गाडीत जाऊन बसल्या. गल्ली बघत राहिली. मामांनी फळ्या खाली ठेवल्या आणि किल्ली घेतली. मी मागे बसलो. वाटभर तो पत्रा खडखडत होता.

गावी पोचलो तर म्हातारीने हट्टच धरला, मला गाडी दाखवा. आम्ही खाटेसकट तिला अंगणात आणली. खाट नेमकी डाव्या दाराशी टेकली. मामांनी मान खाली घातली. तिने वाळका हात बाहेर काढून उघड्या पत्र्यावर ठोकून बघितलं, पुन्हा ठोकलं, आणि म्हणाली, "जवाई, आखं लोखंड शे! पोर पक्का घरमा पडनी."

मामा गाडीमागे गेले. टायर बघायला गेलो होतो, असं नंतर म्हणाले. डोळे लाल होते.

म्हातारी त्याच महिन्यात गेली. डाव्या फळ्या आता नीट होऊन आल्या आहेत आणि कपाटामागे उभ्या आहेत. मामा त्या बसवत नाहीत. त्या पत्र्याच्या कडेला माझा नवा शर्ट फाटला तेव्हा मी भयंकर चिडलो होतो, पण बोललो नाही. मामी पुढे बसल्या होत्या. पत्र्यावर तळवा टेकवून त्या बाहेर बघत होत्या, आणि मामा गाडी अगदी हळू चालवत होते.