रायफलनंतर व्हायोलिन

सुरात वाजवणाऱ्यांना टाळ्या मिळतात, किस्से आमच्यासारख्यांचे होतात! फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. उंब्रजला घरी बसून बायकोला पिडण्यापेक्षा साताऱ्याला व्हायोलिनचा क्लास लावला. तीन वर्षं झाली. सूर अजून एकच लागतोय, किस्से मात्र पोत्यानं साठलेत.

*

पहिला दिवस. शिकवणाऱ्या इनामदार बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण आवाज एकदम हवालदाराचा. व्हायोलिन हातात देत म्हणाल्या, "जुन्या काळी हे छातीशी धरून वाजवायचे. हनुवटी टेकायची ही वाटी फार नंतर आली. आपल्याकडे तर मांडी घालून, टोक पायावर ठेवून वाजवतात. तुम्ही आधी सहज धरून बघा."

धरलं. अठ्ठावीस वर्षांची सवय! खांद्याला लावलं, गाल टेकवला, श्वास रोखला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सुभेदार, डावा डोळा उघडा. समोर शत्रू नाही, तबलजी आहे."

*

क्लासमध्ये माझ्या वयाचा अजून एकच जण, बापू. माणदेशातला, निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. लेक साताऱ्यात नोकरीला लागली म्हणून इथं आला. एकदा बाई तारांबद्दल सांगत होत्या, "आता या स्टीलच्या असतात. पूर्वी शेकडो वर्षं मेंढीच्या आतड्याच्या असायच्या."

बापू विचारात पडला. "मंजी माजी मेंढरं जलमभर बेसूर वरडली, आन् मेल्यावर सुरात आली?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. तसा बापू माझ्याकडं वळला. "हसू नगा, सुभेदार. तुमच्यासाठनंच इचारलं. म्हटलं, काय आशा हाय का!"

*

गजाची, म्हणजे तारांवर फिरवायच्या काडीची, गोष्ट सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करायचा, काडीला आराम द्यायचा, हा नियम. पण फौजी माणूस! काही ढिलं दिसलं की अंगावर काटा येतो. मी रोज स्क्रू अजून आवळून ठेवायचो.

महिन्यानं बाईंनी गज उजेडात धरला. एक डोळा मिटून काडीची रेष बघितली.

"पहिले गज धनुष्यासारखे होते, बाहेर वाकलेले. कारागिरांच्या कितीतरी पिढ्या गेल्या, तेव्हा कुठे काडी सरळ झाली, मग हळूहळू आत वाकली."

"होय, बाई."

"आणि तुम्ही एका महिन्यात परत धनुष्य केलंत!"

मागनं बापू म्हणाला, "आता बाण तेवढा आना."

*

नवा गज घेतला. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. त्यांवर राळ घासली तरच ते तार पकडतात. बायकोनं एक दिवस ते केस निरखले. "आवं, किती रखरखीत झाल्यात! त्याल लावा की जरा."

लावलं! खोबरेल. दोघांनी मिळून, मायेनं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये गज तारांवरनं सुळ्ळकन जायचा. आवाज शून्य. बाईंनी अख्खा राग ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुमचा एकही सूर चुकला नाही."

*

आणि कोयनानगरचा प्रोग्रॅम. बाईंचं माहेर तिथलं, म्हणून आमच्या क्लासला पहिल्यांदाच स्टेज मिळालं. बायको पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. सीमेवर एवढी भीती वाटली नव्हती! तिच्यासमोर तरी हसं होऊ नये, एवढीच प्रार्थना.

भूप सुरू केला. मध्येच खुर्च्या खडखडल्या, वरचा पंखा डोलायला लागला, खिडक्यांच्या काचा वाजल्या. भूकंप! मी गज थांबवला नाही. समोर बघतो तर एकही माणूस जागचा हललेला नाही! ऊर भरून आला. काय रसिक गाव!

भूप संपला. टाळ्या पडल्या. बायकोनं पदरानं डोळे पुसले. भावनेच्या भरात मी माइकवर म्हणालो, "आता तुमच्यासाठी अजून एक राग."

निम्मा हॉल उठला.

बायकोशेजारचे म्हातारबाबाही काठी टेकत उभे राहिले. मला राहवलं नाही. माइकवरनंच विचारलं, "आवं बाबा, भूकंप झाला तवा उठला न्हाईत, आन् आता?"

म्हातारबाबा चालता चालता म्हणाले, "भूकंपाची सवय हाय रं आमास्नी!"