अ‍ॅशबर्नमधली कोरी कॉफी

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून निघालो तेव्हा खिरीचं पातेलं आईच्या दोन पायांच्या मध्ये होतं. झाकणावर फडकं घट्ट बांधलेलं आणि त्यावर तिचे दोन्ही हात. डिकीत ठेवू का, असं विचारलं तर म्हणाली, "तू गाडी सांभाळ. खीर मी पाहीन."

२००७ सालचा मे महिना होता. आई नागपूरहून माझ्याकडे आली त्याला पाच महिने होत आले होते आणि पुढच्याच आठवड्यात तिचं परतीचं विमान होतं. न्यूयॉर्क पाहून झालं, नायगारा झाला, एडिसनच्या ओक ट्री रोडवर साड्यांची दुकानंही झाली. पण तिच्या मनात एकच राहिलं होतं. नागपुरात ती दरवर्षी वैशाखात विहारातल्या भन्तेंना स्वतःच्या हाताने खीरदान करते. यंदा ते चुकणार, हे तिला खात होतं.

तेवढ्यात माझी कॉलेजची मैत्रीण कल्पना हिचा व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नहून फोन आला. "इथे एक थाई कॉफीशॉप उघडतंय यार! उद्घाटनाला पाच भन्ते येतायत. मावशींना घेऊन ये. पण भोजनदान अकराला आहे हं. बारानंतर भन्ते जेवत नाहीत, माहितीये ना?"

माहीत नसायला काय झालं? आई तर सहाला आंघोळ करून तयार होती.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी आणि पहिलं ड्रायव्हिंग लायसन्सही माझंच. त्यामुळे रस्ता कुणाला विचारायचा नाही, हा माझा बाणा. डेलावेअर राज्य ओलांडून पेट्रोलला थांबले, तर कुणी येईचना. न्यू जर्सीत पेट्रोल भरायला माणूस असतो, आपण नुसती काच खाली करायची. इथे आपणच नळी धरायची होती. कार्ड कुठे घालायचं, कोणतं बटण दाबायचं, यात बराच वेळ गेला. शेवटी शेजारच्या ट्रकवाल्याने हसत हसत दाखवलं. "न्यू जर्सी?" त्याने विचारलं. नंबरप्लेटकडे बघायचीही त्याला गरज पडली नाही.

पुढे वॉशिंग्टनभोवती एक गोल रस्ता आहे. तो मी उलट्या बाजूने धरला. कागदावरच्या खुणा जुळेनात तेव्हा चूक कळली, आणि मग अख्ख्या शहराला वळसा.

"उलटी प्रदक्षिणा घातली तू, पोरी," आई घड्याळाकडे बघत म्हणाली.

अ‍ॅशबर्न म्हणजे खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या कॉम्प्युटरच्या इमारती आणि त्यांच्यामध्ये नवी कोरी घरं. दुकान एका रांगेच्या टोकाला होतं. दारावर पांढरं सूत बांधलेलं. ते भिंतीवरून, कॉफी भाजायच्या यंत्रावरून फिरवून आत बुद्धमूर्तीपर्यंत नेलेलं. आमच्याकडे परित्राण पाठाला, म्हणजे रक्षणासाठीच्या पठणाला बांधतात, तसंच. आईने त्याला हात लावला आणि पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

पण आत ताटं आवरली जात होती. बारा वाजून गेले होते. पाचही भन्ते उंच बैठकीवर शांत बसले होते. कल्पना धावत आली आणि पातेलं घ्यायला पुढे झाली.

"राहू दे," आई म्हणाली आणि पातेलं टेबलावर ठेवून खुर्चीत बसली.

मालकीण नोई पन्नाशीची, ठेंगणी, एप्रन घातलेली. सगळे तिला 'पी नोई' (नोईताई) म्हणत होते. थायलंडमध्ये अशी दुकानं तिच्या भावाने गावोगाव काढलीत, अमेरिकेतलं हे पहिलंच. कॉफी त्यांच्याच उत्तरेकडच्या डोंगरातली. तिथे पूर्वी अफू पिकायची, आता जंगल न तोडता मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी लावतात. दुकानात कागदाचा कप नव्हता. आपला कप आणला तर कॉफी स्वस्त. उरलेला चोथा बादलीत भरून दाराशी ठेवलेला, ज्याला बागेसाठी हवा त्याने न्यावा. बसायच्या गाद्या कॉफीच्या गोणपाटाच्या.

फळ्यावर 'इथलं, ताजं' असं लिहिलं होतं, म्हणून मला राहवलं नाही. "कॉफी एवढ्या लांबून बोटीने येते, मग ही इथली कशी?"

"इथली नाहीच," नोई हसली. "तिथली आहे, तिथल्या माणसांची. दूध मात्र इथलं, पलीकडच्या गोठ्यातलं. डोंगर काही मला आणता येत नाही!"

तिला सरळ बोलता येत होतं, म्हणून ती मला आवडली. मी तिला खिरीचं सांगितलं. तिने आईकडे पाहिलं, जवळ जाऊन दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "मे (आई), बारानंतर जेवण नाही, पण कॉफी चालते. तुम्ही करा. माझ्या दुकानातली पहिली दुपारची कॉफी तुमच्या हातची."

मी मराठीत सांगितलं, तशी आई उठली. कॉफी गाळायला कापडी पिशवी होती, आपल्याकडे चहावाल्याकडे असते तशी. आईने ती अशी धरली, जणू रोजचंच काम. वास दुकानभर सुटला. मग तिने सवयीने दुधाचं भांडं उचललं आणि नोईने तिचं मनगटच धरलं.

"दूध नाही, मे! दूध म्हणजे अन्न. साखर चालेल."

"बिनदुधाची?" आई माझ्याकडे वळली. "मयतीच्या घरी देतात तशी कोरी? अन् भन्तेंना? लोक काय म्हणतील?"

"मावशी, इथे लोक पैसे देऊन कोरी पितात," कल्पना म्हणाली.

आई कप घेऊन बैठकीपाशी गेली. सगळ्यात वयस्क भन्तेंनी हात पुढे केला नाही. त्यांनी एक भगवं फडकं समोर पसरलं आणि त्याचं टोक धरलं. कप त्यावर ठेवायचा होता.

आई थबकली. का, ते मला लगेच कळलं. तिच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर वेगळे ठेवलेले असत आणि चहा वरून ओतत. हाताला हात लागू नये म्हणून.

"हे काहून?" तिने मोठ्याने विचारलं. "हातात काहून नाही घेत? विचार त्यांना."

मला क्षणभर वाटलं, काहीतरी गोड सांगून वेळ मारून न्यावी. पण आई माझ्याकडे बघत होती. मी तिचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला, कप वेगळे असायचे तेही सांगितलं.

भन्तेंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "आमच्याकडे कोणत्याच स्त्रीच्या हातातून थेट घेत नाहीत. मी गावी गेलो की माझी आई भात घेऊन येते, तेव्हाही मी हेच फडकं पसरतो."

मी मराठीत सांगितलं.

"त्यांच्या आईलाबी?"

"हो."

आईने फडक्याकडे पाहिलं. "मंग त्या माउलीला किती जड जात असन," ती म्हणाली, आणि वाकून कप फडक्यावर ठेवला. भन्तेंनी उचलून एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग पाठ सुरू झाला. उच्चार थाई वळणाचे, पण पाली तीच. आई डोळे मिटून बरोबर म्हणत होती.

खीर नोईच्या माणसांनी आणि दोन अमेरिकन शेजाऱ्यांनी संपवली. परतताना रस्ता मी तीनदा विचारला आणि दिवेलागणीला घरी पोचलो.

पोचल्याबरोबर आईने नागपूरला माझ्या मावशीला फोन लावला. तिथे सकाळ झाली होती. "दान झालं," तिने सांगितलं. "कोरी कॉफी दिली. फडक्यावर ठेवा लागते बायांनी. मले नाही पटलं ते, तोंडावर विचारलं मी. पण दिलं मनापासून."

मी चहा टाकता टाकता ऐकत होते. लोकांना वाटतं, आमच्या घरात शिक्षण माझ्यापासून सुरू झालं. पदवी माझ्यापासून सुरू झाली, एवढंच खरं. विचारायची रीत घरात आधीपासून होती. त्या दिवशी मी फक्त तिचा प्रश्न इंग्रजीत पोचवला.