दाजींचं ड्रॉइंग आणि डावीकडची फुली

वृत्तपत्राच्या डेस्कवर ‘असे म्हणतात’ दिसलं की कापायचं, हे माझं रोजचं काम. भुताखेताचा मजकूर तर मी अर्धा वाचूनच बाजूला टाकत आलोय. म्हणून इथे फक्त मी स्वतः पाहिलेलं लिहितो... अर्थ तुम्ही लावा.

माझी ताई पिंपरीत, संत तुकाराम नगरला राहते. चाकणला तिचं आणि दाजींचं छोटं वर्कशॉप. वेल्डिंग करताना गाडीचा पार्ट घट्ट धरून ठेवणारी फिक्श्चर्स तिथे बनतात. ड्रॉइंग दाजी काढायचे, तपासायची ताई. तिची सही झाल्याशिवाय कागद शेडबाहेर जात नसे. मागच्या वर्षी दाजी हार्ट अटॅकने गेले. पाठोपाठ त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला. फाइल्स तेवढ्या एका पेन ड्राइव्हवर उरल्या.

यंदा जुन्याच एका कंपनीने एका ब्रॅकेटचं फिक्श्चर पुन्हा मागितलं. शुक्रवारी सकाळी ड्रॉइंग दाखवायचं, नाहीतर काम दुसऱ्या व्हेंडरला. ताईच्या हातात तेवढं एकच काम होतं. ते गेलं असतं तर शेडला कुलूप.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. दुपारी मी तिच्याकडे गेलो. अडचण साधी होती – दाजी लिनक्सवर काम करायचे आणि त्यांचा प्रोग्रॅम विंडोजवर चालत नाही. ताईचा लॅपटॉप विंडोजचा. फाइलचं एक्स्टेन्शन बदलून पाहिलं, कन्व्हर्टर लावून पाहिले. पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं.

“डांगे चौकातला कॉम्प्युटरवाला लिनक्स टाकून उघडून देतो म्हणतोय,” मी म्हणालो. “पण शनिवारी.”

“शनिवारी काय, आरती ओवाळू त्या फाइलची? सरक तिकडे.”

तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला. पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. शेवटी पडद्याकडे बघून म्हणाली, “अहो, जन्मभर तुमचं सगळं जगावेगळं. आता उघडा बघू मुकाट्याने.”

डबल क्लिक केलं... आणि फाइल उघडली.

करडी खिडकी, हिरव्या रेषा. विंडोजवर खिडकी बंद करायची फुली उजवीकडे असते. हिची डावीकडे होती – दाजींच्या कॉम्प्युटरवर असायची तशी. ताईने आधी प्रिंट दिली. कागद बाहेर आला आणि खिडकी मिटली. मग काही केल्या ती फाइल उघडेना.

ताई कागद घेऊन रेघ न् रेघ तपासत बसली.

“ही खाच नव्हती रे इथे.” ब्रॅकेट बसतं त्या जागेवर तिचं बोट होतं.

“मग खोडून टाक.”

“नको. ते उगाच रेघ मारत नव्हते.” पण सही मात्र तिने केली नाही.

शुक्रवारी तिच्यासोबत मीही चाकणला गेलो. कंपनीच्या इंजिनिअरने कागद पाहिला आणि मान वर केली.

“मॅडम, रिबचं तुम्हाला कोण बोललं?”

ब्रॅकेटला मजबुतीसाठी एक उभी पट्टी, म्हणजे रिब, वाढवली होती. हा बदल मागच्याच महिन्यातला. बाहेर कुणाला कळवलेला नव्हता. त्या दिवशी कंपनी तेच सांगणार होती. त्याने नवं ब्रॅकेट टेबलावर ठेवलं. ताईने पिशवीतून व्हर्निअर काढून रिब मोजली, मापं कागदाशी ताडून पाहिली. रिब त्या खाचेत नेमकी बसत होती.

तिने त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि ‘तपासले’च्या चौकटीत सही केली. काम मिळालं.

शनिवारी मी पेन ड्राइव्ह घेऊन डांगे चौकात गेलो. “घ्या भाऊ, एका झटक्यात! उगाच टेन्शन घेता राव,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. फाइल लिनक्सवर व्यवस्थित उघडली होती. फुली डावीकडे. शेवटचा बदल दाजी हयात असतानाचा.

खाच नव्हती.

एका परिचित इंजिनिअरने विचारलं, ती रेघ ताईनेच मारली नसेल कशावरून? मी तिच्या शेजारी बसलो होतो, आणि रिबची माहिती तिलाही नव्हती. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, “तू शोध. मला आधी फिक्श्चर उभं करायचंय.”

ते उभं राहिलं. प्रिंट शेडमध्ये भिंतीवर लावलेली आहे. मी अजून शोधतोय.