हळदीचा मान

कोपरच्या आगरी आळीत पोपट केणेचा ढोल घुमल्याशिवाय हळद लागायची नाही. ढोलाचं ओझं पाठीनं पेललं आणि पाठीचं दारूनं. पुढे मणका सरकला, वाजवणं सुटलं. दारू तेवढी राहिली, जोडीला दुखण्याच्या गोळ्याही आल्या, त्याही मूठमूठ. हाडांचे डॉक्टर म्हणत, आधी दारू सोड, मग पाठ बघू. व्यसनमुक्तीवाले म्हणत, आधी पाठीचं बघून ये. माणसाचा नुसता चेंडू केला होता मेल्यांनी. या फेऱ्यांतच बायको शेवंती गेली, आणि रात्री पाठीला तेल लावणारं कुणी उरलं नाही.

शेवटी कल्याणच्या चित्रा डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दुखणी एकदमच हातात घेतली. गोळ्या हळूहळू कमी केल्या, नसांचं औषध दिलं, व्यायाम शिकवला, दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या गटात बसवलं. पाठ दुखायची पूर्ण राहिली नाही, पण झोप लागू लागली आणि दारू सुटली.

तेवढ्यात धाकट्या भावाच्या, मधूच्या मुलाची हळद आली. हळदीला दारूचा पहिला ग्लास घरातल्या थोरल्याच्या हातात द्यायचा, ही केण्यांची रीत. नको म्हणावं तर भावाचा अपमान, घ्यावा तर केलेल्या सगळ्यावर पाणी. ग्लासाला हात न लावता हात जोडून नको म्हणायचं, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. आठवडाभर पोपट भिंतीपुढे हात जोडत होता.

हळदीला त्याला गादीची खुर्ची मिळाली, पाठीला उशी, हातात लिंबू सरबत. सगळं मंडपाच्या कडेला. पहिला ग्लास मधूनं सरळ आपल्या मेहुण्याला दिला. येणारे-जाणारे तब्येत विचारत आणि आपापल्या टोळक्यात निघून जात. सगळ्यांना त्याची काळजी होती, त्याच्यासमोर प्यायचं कसं, म्हणून शेजारी कुणीच बसलं नाही. आपल्याच घरच्या मंडपात त्याला पाहुण्यासारखं वाटलं.

ढोल रंगात आला. पाठीत कळ आली तसा तो उठला. मधू धावत आला, जेवून जा म्हणाला.

"मधू," पोपट म्हणाला, "मना नको बोलाला तरी इचाराचा व्हतास रं."

त्या दणक्यात मधूला काही ऐकू गेलं नाही. "काय बोल्लास, दादा?"

"काय नाय. पोरा चांगली वाजवतान."

मधू खूश झाला आणि परत पाहुण्यांत गेला.