मधला तुकडा

परदेशी पाहुण्यांनी आमच्याकडून पहिल्यांदा काय काढून घेतलं असेल, तर लाल शाई. त्यांच्या मुक्त विद्यापीठाचा आणि आमच्या अभ्यासक्रमाचा करार झाला होता, आणि त्या कराराखाली आम्हा समंत्रकांचं, म्हणजे रविवारी शिकवायला येणाऱ्या मास्तरांचं, प्रशिक्षण होतं. लाल शाईनं घरी शिकणारा माणूस घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आम्हाला हिरवी पेनं वाटली. चूक दाखवण्याआधी चांगलं काय ते लिहा, आणि उत्तर पुस्तकातून नको, स्वतःच्या घरातून लिहायला सांगा, असंही सांगितलं.

मी तेव्हा वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरीला होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. रविवारी सानपाड्याच्या एका शाळेत आमचं अभ्यासकेंद्र भरायचं. बाजारात गोणी उचलणारे साताऱ्याकडचे माथाडी यायचे, वॉचमन यायचे, गावठाणातल्या सुना यायच्या. शाळा अर्ध्यात सुटलेली मंडळी. परदेशातून आलेल्या कॅसेटी मी वाटल्या तेव्हा एक माथाडी म्हणाला, "मॅडम, टेप हाय घरात, पन सासरा त्यात भजनाशिवाय काय घालू देत न्हाय." सगळे हसले. मीही हसले. हे आठवतं, कारण त्या वर्गात मी नंतर फारशी हसले नाही.

त्याच वर्गात ती होती, घणसोली गावातली सून. सातवीतून शाळा सुटलेली. पूर्वतयारीची परीक्षा देऊन ती आमच्या अभ्यासक्रमात आली होती आणि आता शेवटची परीक्षा तेवढी उरली होती. पास झाली तर गावातल्या अंगणवाडीत लागण्याची आशा होती. तसा शब्द तिला मिळाला होता. रविवारी तिचं लहान पोर सासू सांभाळायची. सासूच म्हणायची, जा, मी हाय. हे तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आहार आणि आरोग्य या विषयाच्या स्वाध्यायात मी प्रश्न घातला होता: तुमच्या घरातल्या जेवणाचं निरीक्षण लिहा. बाकीच्यांनी पुस्तकातली जीवनसत्त्वं उतरवली. तिनं दोन पानं लिहिली.

पहिल्या पानावर होतं की घरात जिताडा, म्हणजे खाडीतला मोठा मासा, आला की वाटे सासू करते. मधले तुकडे पुरुषांना, मग पोरांना, मग थोरल्या जावेला. धाकट्या सुनेला डोकं नाहीतर शेपूट, आणि बऱ्याचदा नुसतं कालवण. पोटुशी असतानाही तेच. "मी एकदा रडले तेव्हा सासू म्हणाली, मीपण डोकंच खाल्लं, माझी पोरं काय मेली?" इथं पहिलं पान संपत होतं.

दुसऱ्या पानावर होतं की त्यानंतर सासूनं स्वतःच मधला तुकडा झाकणाखाली लपवून ठेवायला सुरुवात केली. सगळे बाहेर गेले की सुनेला चुलीमागं बसवून खायला लावायची आणि म्हणायची, गप गिल, जावेला बोलू नको. बाळंतपणापर्यंत हे चाललं. शेवटी तिनं लिहिलं होतं: "नियम सासूने मोडला पण बदलला नाही. मला वाटते मी बदलीन."

मी हिरव्या शाईनं खाली बरंच काही लिहिलं. काय ते आता आठवत नाही.

त्यानंतर कळलं की पाहुणे आमच्या केंद्राला भेट देणार. कराराचा पुढचा भाग त्या भेटीवर ठरणार होता आणि आमच्यातल्या एका समंत्रकाला त्यांच्याकडे प्रशिक्षणाला नेणार होते. केंद्रप्रमुखांनी मला बोलावलं.

"एखादा कडक स्वाध्याय वाचून दाखवा, मॅडम. मराठीत आणि इंग्रजीत. नाव नका घेऊ म्हणजे टेन्शन नाही."

मी ती दोन पानं त्यांना दाखवली. त्यांनी वाचली.

"पहिलंच घ्या. दुसऱ्यात गोष्ट नरम पडते."

इतकी वर्षं मी स्वतःला हे त्यांच्या तोंडचं वाक्य म्हणून सांगत आले. खरं असं की त्यांच्याकडे जाण्याआधीच मी फक्त पहिल्या पानाचं इंग्रजी करून ठेवलं होतं. तिला विचारलं नव्हतं. नाव घ्यायचं नाही, तर विचारायचं काय, असं मनाशी म्हटलं होतं.

भेटीच्या रविवारी विद्यार्थ्यांनी घरच्यांना आणावं असा पाहुण्यांचा आग्रह होता. घणसोलीहून बायकांचा एक टेम्पोच आला. ती आली, आणि तिची सासू आली. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली, कडेवर नातू. मला दारातच म्हणाली, "मॅडम, आमचे सुनंला बक्शीस हाय का आज?" मी म्हटलं, "बघू या." तिला पुढच्या रांगेत मी बसवलं. पुढच्या रांगेत घरची माणसं दिसावीत, असं ठरलं होतं.

मी वाचायला उभी राहिले. हातात दोन्ही पानं होती. "घणसोली गावातल्या आमच्या एका विद्यार्थिनीनं लिहिलंय," असं मी म्हटलं. तेवढंच म्हटलं. जिताडा, वाटे, धाकटी सून, डोकं. मागे बसलेल्या, टेम्पोतून आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सगळ्या पुढच्या रांगेकडे. "मीपण डोकंच खाल्लं" हे मी वाचलं तेव्हा मागून एक जण हसली. मी लगेच इंग्रजी वाचलं. पाहुण्यांमधल्या गोऱ्या बाईनं चष्मा काढून डोळे पुसले आणि टाळ्या सुरू झाल्या. मला पान उलटता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. मी दोन्ही पानं एकत्र घडी करून पर्समध्ये ठेवली.

सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून सासूनंही वाजवल्या. थोड्याशाच. मग नातवाला उचललं आणि टेम्पोत जाऊन बसली. सून माझ्याकडे बघत जागेवरच उभी होती. मी पाहुण्यांना चहाकडे नेलं.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मी बसनं घणसोलीला गेले. गावातल्या गल्ल्या अंगाला अंग लागेल अशा. सासू ओट्यावर बसून सुकट निवडत होती. मला बघून तिनं गोणपाट सरकवलं.

"या. बसा. च्या घेताव ना?"

"त्या येत नाहीत हल्ली. परीक्षा जवळ आलीय."

"पोराला कोन बघनार? माजे गुडघे दुखतान."

"मावशी, माझं चुकलं त्या दिवशी."

ती सुकटीतले खडे काढत राहिली. "आमचे घरान कोन पयला जेवतं न कोन मागशी, त्या गोरे बाईला कनाला पायजे? तिचे घरान काय सगली येकदम जेवतान?"

"अजून एक पान होतं. त्यात तुमचं चांगलं लिहिलं होतं. तुम्ही तुकडा..."

"मना ठाव हाय. मीच दिलता." मग तिनं मान वर केली. "मंग ता पान तवा का नाय वाचलाव?"

आतून कपबशीचा आवाज आला. सून चहा घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर ठेवला. डोक्यावरून पदर होता. वर्गात तो कधी नसायचा.

"तुम्ही परीक्षेला तरी या," मी म्हटलं.

"बघू मॅडम. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी अंगणवाडीची जागा राहील का?"

"नाही राहणार." मग ती म्हणाली, "माझी पानं तेवढी द्या. दोन्ही. घरात वाचून दाखवते सगळ्यांना."

पानं माझ्या पर्समध्येच होती. त्याच आठवड्यात माझी निवड झाल्याचं कळलं होतं, आणि तिकडे नमुना म्हणून हाच स्वाध्याय घेऊन या असं पाहुणीनं कळवलं होतं. मी म्हटलं, "केंद्रात आहेत. पाठवते." पर्स मांडीवर होती. तिच्यावर माझा हात होता.

चहा गोड होता. मी सगळा प्यायले.

परीक्षेला ती आली नाही. मी पर्यवेक्षक होते. तिच्या बाकावर उत्तरपत्रिका ठेवली आणि अर्ध्या तासानं नियमाप्रमाणे उचलली. काही वाटल्याचं आठवत नाही. अंगणवाडीत दुसरी कुणी लागली, असं त्या टेम्पोतल्याच एका बाईकडून नंतर कळलं.

पाहुण्यांच्या देशात प्रशिक्षणाला गेले, तिथं मोठं सभागृह होतं, बाहेर थंडी. वेगवेगळ्या देशांतले मुक्त शिक्षणातले लोक बसले होते. मी घणसोली कुठं आहे ते नकाशावर दाखवलं, जिताडा म्हणजे काय ते सांगितलं आणि पहिलं पान वाचलं. तिथंही पहिलंच. तिथं तर पुढच्या रांगेत कुणी नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं, तरी मी तिथंच थांबले. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ही विद्यार्थिनी पुढं काय करते?

मी म्हटलं, पास झाली. अंगणवाडीत शिकवते.

त्यांनी ते लिहून घेतलं.

ती पानं अजून माझ्याकडे आहेत. दोन्ही. घणसोलीला आता ट्रेन जाते, सानपाड्याहून तिसरं स्टेशन. मी सानपाड्याला राहते.