म्बाह कासिनेमची फुंकर

सोलो शहरातल्या आमच्या वृद्धाश्रमात वार्सिनी कामाला वाघ. मी स्वयंपाकघरातून पेजेचे वाडगे पाठवायचे आणि ती भराभर सगळ्या विसराळू म्हाताऱ्यांना भरवून मोकळी व्हायची. फक्त कासिनेम आजीपुढे, आमच्या म्बाहपुढे, तिची मात्रा चालेना. चमचा तोंडाशी नेला की म्हातारी त्यावर फुंकर मारायची आणि पेज वार्सिनीच्या तोंडावर! शिवाय चमचा हिसकायला हात सारखे चाळवायचे. म्हणून जेवणापुरती वार्सिनी तिची दोन्ही मनगटं फडक्याने बांधून ठेवायची.

"मुद्दाम थुंकते मेली," ती म्हणायची. म्हातारी वाळत चालली होती.

मग बू एंदाह, म्हणजे एंदाहबाई, मुख्य परिचारिका म्हणून आल्या. त्यांचा एकच हेका, "आजार नंतर, आधी माणूस बघा. बांधाबांध बंद!"

"घ्या, आता म्हाताऱ्यांच्या तालावर नाचा," वार्सिनी माझ्यापाशी कुरकुरली.

त्या दुपारी बू एंदाहनी स्वतः म्हातारीच्या हातात चमचा दिला. तिने तो तिरका धरला, टोकावर हलकेच फुंकर मारली आणि मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलवर पेजेचे ठिपके मांडत गेली, एकासारखा एक.

वार्सिनीचा चेहरा उतरला. तिची स्वतःची आई जन्मभर बाटिकच्या कापडावर मेणाची नक्षी काढायची, आणि म्हातारीचे हातही तेच काम करत होते. मेण सोडायच्या लेखणीची, चांतिंगची, बारीक चोच तुंबू नये म्हणून आई दर वेळी अशीच फुंकर मारायची. आमच्या सोलोत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि हिला कळू नये? मला रागच आला. पण ती मोरीत तोंड लपवून रडत होती, तिला काय बोलणार?

"ताई, चला बाहेर," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने जाऊ गं तिच्यापुढे? आधी बरं होतं. काही दिसायचं नाही, घरी गेलं की झोप लागायची." मग नाक पुसत म्हणाली, "माझ्या हातचं एकदा सुखाने खाऊ दे तिला, बास."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून पेजेत ताडगूळ घालून घेतला. म्हातारीपुढे जमिनीवर बसली.

"म्बाह, आज तुम्हीच जेवायचं हं, आपल्या हाताने."

म्हातारीने वाडग्याकडे पाहिलं, वार्सिनीकडे पाहिलं. पोटच्या मुलांची नावंही विसरलेल्या त्या बाईने दोन्ही मनगटं जुळवली आणि निमूटपणे तिच्यापुढे धरली.