एरर सतराचं पान

पौर्णिमा जोगदंड बी.ए.ला माझ्याकडे मराठी शिकली. पालीहून रोज एसटीनं बीडला यायची, पुढच्या बाकावर बसायची आणि मी फळ्यावर काही चुकीचं लिहिलं असेल तर तास संपल्यावर एकटीच येऊन हळूच सांगायची. पुढं तिला नोकरी लागली, ती अशा कामाची की असं काम असतं हेच मला ठाऊक नव्हतं. बीडमध्ये दोन खोल्यांत एक कंपनी होती. गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांसाठी ती सॉफ्टवेअर तयार करायची. टाकीत पाणी किती आहे, मोटार कधी सुरू करायची, कधी बंद करायची, हे सगळं पंपघरातल्या पडद्यावर दिसायचं. ते कसं वापरायचं याची मराठी पुस्तिका लिहिणं हे पौर्णिमाचं काम. पुस्तिका स्पायरल बाइंडिंगची, बासष्ट गावांत पंपघराच्या खिळ्याला टांगलेली.

ही हकीकत तिनं मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा ती खिडकीशी, उन्हात बसली होती.

आधीची पुस्तिका अभिमन्यू नावाच्या माणसानं लिहिली होती. तो नोकरी सोडून गेला होता. कंपनीचा मालक युवराज यानं पौर्णिमाला पहिल्याच दिवशी ती पुस्तिका दिली आणि सांगितलं की हिच्यातले विनोद तेवढे काढायचे. कुणा अधिकाऱ्यानं ती चाळून विचारलं होतं, हे सरकारी योजनेचं पुस्तक आहे की वगाचं. युवराजला ते लागलं होतं.

पौर्णिमानं मोजले तर विनोद चौदा निघाले. काही तिलाही आवडले. ‘पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवू नका, सरपंचांनाही वाचता येतं.’ ‘मोटार सुरू होत नसेल तर आधी लाइट आहे का बघा. नसेल तर पुस्तिका मिटून ठेवा, दोष तुमचा नाही.’ ती हसली आणि खोडत गेली. तिचं म्हणणं सरळ होतं. माणूस ही पुस्तिका उघडतो तेव्हा नळाला पाणी आलेलं नसतं, बायका हंडे घेऊन दारात उभ्या असतात. तेव्हा त्याला उपाय पाहिजे, गंमत नको. मीही तिला तेच शिकवलं असतं.

चौदावा विनोद एरर सतराच्या पानावर होता.

टाकीच्या छताला आतून एक सेन्सर बसवलेला असतो. तो खाली आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती हे तो ठरवतो. कधी कधी पाणी भरल्याच्या खुणेच्याही वर गेल्याचं तो दाखवतो, एरर सतरा येतो आणि मोटार अडकून राहते. रीसेट दाबलं की सुटते. अभिमन्यूनं तिथं लिहिलं होतं: ‘पाणी टाकीपेक्षा वर चढलेलं दिसलं, तर आत कुणीतरी उतरलेलं आहे. झाकण उघडून हाक मारा. नाव माहीत नसेल तर “वर या” म्हणा. उत्तर आल्याशिवाय मोटार सुरू करू नका.’

याला ती हसली नाही. पण विनोदच होता, म्हणून काढला. त्या जागी तिनं लिहिलं: ‘सेन्सरवर ओलावा साचल्यास असे होते. रीसेट दाबा.’ युवराजला ते फार पसंत पडलं. नवी आवृत्ती छापून बासष्ट गावांत गेली.

आठवड्यानं धर्मापुरीहून फोन आला. तिथल्या ऑपरेटर रतनबाई, पन्नाशी ओलांडलेल्या. नवऱ्याच्या माघारी ग्रामपंचायतीनं त्यांना त्याच्या जागी घेतलं होतं. त्यांनी विचारलं, ते सतराचं पान कावून बदललं. पौर्णिमानं सांगितलं की मावशी, ते पान खरं नव्हतं, लिहिणाऱ्यानं गंमत केली होती.

रतनबाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “गंमत असंल बाई. पर मी चार वर्सं हाक मारायलेय. आन् उत्तर येतंय की.”

पौर्णिमानं फोन ठेवला आणि सॉफ्टवेअरमधल्या जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक एररपुढं ऑपरेटरला शेरा लिहायला एक चौकट असते. तिथं कुणी काही लिहीत नाही, असं तिला युवराजनं सांगितलं होतं. एरर सतरापुढं मात्र लिहिलेलं होतं. धर्मापुरीला हा एरर उन्हाळ्यात जवळजवळ रोज यायचा, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. पुढं शेरा: ‘हाक दिली. आले.’ खाली परत: ‘हाक दिली. आले.’ पानंच्या पानं. तिनं दुसरी गावं काढली. अकरा गावांत तेच. एका ठिकाणी ‘वर या म्हणलं, आले, मोटार चालू.’ एका ठिकाणी ‘आज उशिरा आले.’ केजकडच्या एका गावात फक्त एवढंच: ‘नाव सांगत न्हाईत.’

ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. तालुकेही वेगळे. तिनं मला सांगितलं, “सर, मी खुर्ची मागं सरकवली. पडद्यापासून थोडं लांब बसावंसं वाटलं.”

दोन दिवसांनी ती धर्मापुरीला गेली. एप्रिल होता. टाकी गावाबाहेर, जमिनीत बांधलेली, वर सिमेंटचं छत आणि त्यात एक लोखंडी झाकण. रतनबाई लिंबाखाली बसल्या होत्या. आजूबाजूला माणूस नाही, पाखरू नाही, उन्हानं सगळं पांढरं पडलेलं. साडेबाराला पंपघरातला भोंगा वाजला. पडद्यावर सतरा. पाणी खुणेच्या चार बोटं वर.

रतनबाई उठल्या, पदर खोचला, झाकण दोन्ही हातांनी बाजूला केलं. आतून दमट वाफ बाहेर आली. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाल्या, “वर या.”

खालून उत्तर आलं, “या.”

पौर्णिमाला कळत होतं की तो प्रतिध्वनी आहे. दोन शब्दांतला शेवटचा तेवढा परत येतो. झाकण उघडल्यावर वाफ निघून जाते, सेन्सर सुकतो, म्हणून पडद्यावरचं पाणी खाली येतं, हेही कळत होतं. ते आलंच, तिच्या डोळ्यांदेखत, चार बोटं. पण रतनबाईंनी ‘वर या’ म्हटलं होतं, आणि खालून आलेला शब्द ‘या’ होता. खाली या, असं कुणी म्हणावं तसा. आणि तो रतनबाईंच्या आवाजापेक्षा जाड होता.

रतनबाई मोटार सुरू करून आल्या. पौर्णिमानं त्यांना विचारलं की खाली कोण आहे असं तुम्हाला वाटतं. त्या म्हणाल्या, मला काहीच वाटत न्हाई. पुस्तकात लिव्हलं होतं उत्तर आल्यावर मोटार लावा, उत्तर येतं, मी लावते.

परतताना पौर्णिमानं ठरवलं की अभिमन्यूला गाठायचं. तो युसूफ वडगावला होता. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. चाळिशीचा, बारीक, नीट इस्त्रीचा शर्ट. ती कोण हे कळल्यावर त्यानं दुकानातलं गिऱ्हाईक आधी वाटेला लावलं. धर्मापुरीला हाकेला उत्तर येतं हे तिनं सांगितलं आणि विचारलं, एरर सतराच्या पानावरचा विनोद त्यानं का लिहिला होता.

त्यानं सांगितलं ते असं. कंपनीतली त्याची पहिलीच टाकी. आश्रुबा नावाचा मजूर ती धुवायला आत उतरायचा. हसवणारा माणूस. टाकीत उतरला की खालून अभिमन्यूला हाक मारायचा, या साहेब, पाणी लई गार हाय. त्या दिवशी अभिमन्यू पंपघरात पडद्यासमोर होता. आश्रुबा आत गेलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टाकी रिकामी, आणि पडद्यावर पाणी अचानक खुणेच्या वर. सेन्सर बिघडला असं समजून त्यानं रीसेट दाबलं. परत तेच आलं. परत दाबलं. मोटार सुरू झाली. आश्रुबा वर आलाच नाही.

“सेन्सरखाली माणसाचं डोकं आलं ताई, तर त्याला ते पाणीच वाटतं,” अभिमन्यू म्हणाला.

त्यानंतर त्यानं पुस्तिकेत सूचना घातली होती, ठळक अक्षरात, चौथ्या पानावर: मोटार सुरू करण्यापूर्वी टाकीत कुणी नसल्याची खात्री करावी. सहा महिन्यांनी तो गावोगाव फिरला. एकानंही ती वाचली नव्हती. ‘करावी’ म्हटलं की लोक पान उलटतात, हे त्याला तेव्हा कळलं. मग त्यानं तेरा विनोद लिहिले, लोकांनी पुस्तिका एकमेकांना वाचून दाखवावी म्हणून, आणि त्यांच्या ओघात चौदावा. त्यावर कुणी हसलं तरी चालेल, पण हाक मारल्याशिवाय बटण दाबू नये.

निघताना त्यानं विचारलं, धर्मापुरीला खालून काय उत्तर येतं.

तिनं सांगितलं, “या.”

अभिमन्यू उभा होता, तो हळूच स्टुलावर बसला. झेरॉक्सचं मशीन चालू राहिलं होतं आणि कोरे कागद बाहेर टाकत होतं. त्यानं ते बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमानं युवराजला सगळं सांगितलं, धर्मापुरीचा आवाज सोडून. युवराजचा चेहरा उतरला. पण नवी पुस्तिका नुकतीच मंजूर झाली होती, बदल करायचा तर परत परवानगी लागणार होती. दोन आठवडे थांबू, असं तो म्हणाला. पौर्णिमा थांबली नाही. तिनं बासष्ट ऑपरेटरांची यादी समोर घेतली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. सतरा आला तर नुसतं रीसेट दाबू नका, आधी झाकण उघडून हाक मारा. काही जण म्हणाले, आम्ही जुनंच पान करतो. काही हसले.

तेविसावा फोन केज तालुक्यातल्या एका गावी सतीश नावाच्या ऑपरेटरला. नोकरीत महिनाभराचा. जुनी पुस्तिका त्यानं पाहिलीच नव्हती. तो म्हणाला, बरं झालं मॅडम तुमी फोन केला, आता सतराच आलाय, दोनदा रीसेट मारलं तरी परत येतोय, तिसऱ्यांदा मारतो.

“बटणावरचा हात काढा,” पौर्णिमा म्हणाली. “काढला का?”

तो गोंधळून हो म्हणाला. तिनं त्याला फोन हातात धरूनच टाकीकडं जायला सांगितलं. त्याच्या चपलांचा आवाज तिला ऐकू येत होता, मग झाकण सरकल्याचा. काय म्हणू, त्यानं विचारलं. ती म्हणाली, ‘वर या’ म्हणा.

सतीशनं हाक मारली. पौर्णिमानं फोन कानाला दाबून धरला. ती त्या एका शब्दाची वाट बघत होती. तो येईल, आणि मग आपण काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

“थांब की बे,” खालून एक वैतागलेला आवाज आला. “शिडी तर सरळ कर.”

ग्रामपंचायतीनं टाकी धुवायला माणूस लावला होता. तो सतीशला न सांगताच मागच्या झाकणानं उतरला होता. दोनदा मोटारीचा झटका आला तेव्हा पाइपातून पाणी सुटलं, त्याला वाटलं वरून कुणीतरी चेष्टा करतंय. सतीशनं परत फोनवर येऊन हे सगळं सांगितलं. पौर्णिमानं फोन ठेवला आणि नव्या पुस्तिकेतलं ते पान उघडलं. ते रीसेटचं वाक्य तिनं लिहिलेलं होतं, स्वच्छ, सोपं, एकही चूक नसलेलं.

युवराजनं त्याच संध्याकाळी पुस्तिका मागं घेतली. पुढच्या आवृत्तीत एरर सतराला पूर्ण पान आहे. वर ओलाव्याचं कारण, आणि खाली अभिमन्यूची वाक्यं जशीच्या तशी. बाकीच्या तेरांपैकी पाच विनोद पौर्णिमानं स्वतः परत घातले. अधिकाऱ्यांकडं ती स्वतः गेली आणि सतीशच्या टाकीची गोष्ट सांगितली. पुस्तिकेवर नाव द्यायला अभिमन्यूनं नकार दिला. आता ती काहीही लिहिलं की आधी कुणा ऑपरेटरला फोनवर वाचून दाखवते. आठ दिवसांनी त्याला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही, तर ते पान परत लिहिते.

धर्मापुरीला यंदा वाफेनं न फसणारा नव्या पद्धतीचा सेन्सर बसवला. तिथं सतरा येणं बंद झालं. पंधरा दिवसांनी रतनबाईंचा फोन आला. तक्रार नव्हती. मोटार वेळेवर सुरू होते, म्हणाल्या, काम हलकं झालं. फक्त एकच विचारायचं होतं.

“मग आता ते कुठं गेले म्हणायचे?”

पौर्णिमानं सांगितलं की मावशी, मला माहीत नाही. मग कामात होती तरी ती बाहेर येऊन उन्हात उभी राहिली.